रस्ता सुरू झाला म्हणजे रस्ता झाला का?

गेल्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, की पुढच्या वेळी डोंगरातले रस्ते वाहून जातात आणि परत बांधले जातात त्यावर बोलू, काही विचारायचं असेल तर पाठवा. वाटलं होतं दोन-तीन पत्रं येतील. पण आपल्या इंदूरचं अर्धं लोकमान्य नगर आणि जवळजवळ सगळं सुदामा नगर मे महिन्यात मनालीला जातं हे मी विसरलोच होतो. मेसेजचा ढीग पडला, काही जणांनी तर नुसता व्हिडिओ पाठवलाय आणि खाली लिहिलंय "काका हे काय?" तर जमतील तेवढे घेतो, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं नेहमीप्रमाणे छापत नाही. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी जन्मभर रस्त्याचीच कामं केली, आता निवृत्त आहे, सकाळी फिरायला जातो आणि नव्या गटारांना नावं ठेवतो.

प्रश्न : काका, आम्ही सहा जणांनी मे महिन्यात मनालीचं बुकिंग केलंय. ट्रॅव्हलवाला म्हणतो "रोड एकदम क्लियर है", पण नणंदेने पाठवलेल्या व्हिडिओत अर्धा रस्ता नदीत गेलेला दिसतोय. नक्की खरं काय? (सुदामा नगर, इंदूर)

ताई, दोन्ही खरं. रस्ता खरंच गेला होता. २०२३ च्या जुलैत ८ ते १० तारखेला जो पाऊस झाला त्यात ब्यास नदीने कुल्लू ते मनाली हायवे जागोजागी खाल्ला, आणि २०२५ च्या ऑगस्टअखेर परत तोच प्रकार झाला. आणि ट्रॅव्हलवाला पण खोटं बोलत नाहीये, त्याच्या भाषेत क्लियर म्हणजे गाडी जाते. माझ्या भाषेत तसं नाही एवढंच.

म्हणजे कसंय, रस्ता तुटला की पहिलं काम असतं गाडी जाईल एवढी वाट काढणं. वर गावं अडकलेली असतात, दूध-भाजी-सिलिंडर-औषधं थांबलेली असतात, सफरचंदाचा सीझन असेल तर माल बागेत सडायला लागतो, त्यामुळे पोकलेन येतं आणि डोंगराकडची बाजू खरवडून रस्ता आत सरकवतं, नदीकडे मोठे धोंडे टाकतात, त्यावर मुरूम-खडी पसरून रोलर फिरवतात, झाली एक लेन. हे काही दिवसांत होतं. पेपरात बातमी येते "महामार्ग सुरू", आणि इथे सराफ्यात उभं राहून आपण म्हणतो वा, काय फास्ट काम केलं. पण तो रस्ता नसतो हो, ती नुसती वाट असते. तिच्या खाली पाया नाही, बाजूला गटार नाही, आणि डोंगर खरवडल्यामुळे वरचा उतार आधीपेक्षा जास्त उभा झालेला, म्हणजे आज नदीच्या बाजूने सुटका झाली पण उद्याची दरड आपणच तयार करून ठेवली. हे करणाऱ्याला कळत नाही असं नाही, पण त्या आठवड्यात त्याच्याकडे दुसरा इलाज नसतो.

मग दुसरा टप्पा, ही वाट पुढचा पावसाळा काढेल एवढी धरून ठेवायची. इथे ते जाळीतले दगड येतात, गॅबियन म्हणतात त्याला, तुम्ही गाडीतून नक्की पाहिले असतील. साधारण मीटरभर उंच-रुंद तारेच्या जाळीचा खोका, जागेवरच उभा करतात आणि दगड हाताने रचून भरतात. नुसते ओतले तर पोकळ्या राहतात आणि पुढे पोट सुटतं, म्हणून चांगला मजूर प्रत्येक दगड फिरवून बघतो, सपाट अंग बाहेर, छोटा दगड फटीत, आणि मध्ये मध्ये आडव्या तारा बांधतो की समोरची जाळी फुगू नये. सिमेंटचा कण नाही. लोकांना वाटतं हे कच्चं काम आहे, पण मऊ किंवा नवीन भरावावर हेच शहाणपणाचं, कारण पाणी आरपार निघून जातं आणि जमीन थोडी बसली तर खोकापण तिच्यासोबत वाकतो, काँक्रीटसारखा तडकत नाही.

तिसरा टप्पा पक्क्या कामाचा. त्याला सर्व्हे लागतो, बोअर मारून खडक किती खोल ते बघावं लागतं, डिझाइन, टेंडर, आणि डोंगरात वर्षातून कामाचे महिनेच कमी, पावसाळ्यात दरडी आणि थंडीत बर्फ. त्यामुळे वर्षं जातात. तुम्ही मे महिन्यात जाल तेव्हा एकाच प्रवासात तुम्हाला तिन्ही टप्पे दिसतील, दोन किलोमीटर गुळगुळीत, मग खडखड, मग जाळीचे खोके.

जा, घाबरू नका, पण दिवसाउजेडी जा. मंडीच्या पुढे पंडोह ते औट हा भाग नदीच्या अरुंद दरीतून जातो, तिथे रात्रीची गाडी शक्यतो नको. कुल्लूच्या पुढे हायवे ब्यासच्या उजव्या काठाने आहे आणि डाव्या काठाने नग्गरवरून दुसरा रस्ता मनालीला जातो, अरुंद आहे पण हायवे तुटला तेव्हा त्यानेच गाव सांभाळलं, आणि खरं सांगू का दिसायला पण तोच जास्त छान आहे. परतीच्या विमानाच्या किंवा ट्रेनच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. आणि "रिव्हर व्ह्यू रूम" म्हणून जास्त पैसे देत असाल तर हॉटेल नदीच्या किती वर आहे तेवढं विचारून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे, त्याने विचारलं की नदी तर खाली असते आणि रस्ता वर, मग पाणी वर न चढता रस्ता कसा पडतो? मला सांगता आलं नाही. (विजयनगर, इंदूर)

मुलगा हुशार आहे, त्याला माझ्याकडून पोहे-जिलबी. बाळा, तू गणपतीपुळ्याला किंवा कुठेही समुद्रावर गेला असशील तर आठव, लाट परत जाताना तू नुसता उभा असतोस, लाट तुझ्या घोट्यापर्यंतच असते, तरी टाचेखालची वाळू सरकते आणि तू मागे कलंडतोस. लाट तुझ्या डोक्यावर चढली नव्हती ना? रस्त्याचं अगदी तेच होतं. नदी त्याची टाच खाते.

आता थोडं मोठ्यांसाठी. नदी वळते तेव्हा वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोरात घासतं आणि खोल जातं, आतल्या काठाला वाळू टाकतं. डोंगरात रस्त्याला जागा नदीकाठीच मिळते, त्यामुळे कुठे ना कुठे तो बाहेरच्या वळणावर येतोच, आणि मोठ्या पुरात पहिला तुकडा तिथलाच जातो. आणि पाण्याच्या ताकदीचा हिशोब आपल्या अंदाजाने चालत नाही. वेग दुप्पट झाला तर पाणी किती जड धोंडा ढकलेल? दुप्पट नाही, चौपट पण नाही, चौसष्टपट. जे पाणी काल १० किलोचा दगड हलवत होतं ते आज ६४० किलोचा लोटतं. म्हणून गावातले म्हातारे म्हणतात पुराच्या रात्री नदीतून ढोल वाजल्यासारखा आवाज येत होता, ते धोंडे असतात तळाशी एकमेकांवर आपटत जाणारे. हे धोंडे मग जिथे उतार कमी होतो तिथे साचतात, नदीचं पात्रच वर येतं, आणि पुढच्या वर्षी कमी पाण्यात पण नदी रस्त्याच्या उंचीला पोचते. एकदा नुकसान झालेल्या ठिकाणी परत का होतं, त्याचं हे एक कारण.

प्रश्न : बँकेतून रिटायर झालोय, फिरतो खूप. घाटात एवढ्या जाड भिंती बांधतात तरी दोन-चार वर्षांत पोट फुगून पडतात. सिमेंट खातात, दुसरं काय? (रामबाग, इंदूर)

साहेब, सिमेंट खाणारे आहेत, नाहीत असं मी कुठल्या तोंडाने म्हणू. पण भरपूर सिमेंट घातलेली भिंतही पडते, आणि मी स्वतः एक पाडलीय म्हणून हे उत्तर जरा मोठं होणार.

नोकरीची पहिली काही वर्षं होती, एका घाटात (कुठला ते सोडा) दरड आली होती आणि मला साधारण सहा मीटर उंच दगडी भिंत बांधून घ्यायची होती. पाऊस तोंडावर आलेला. भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवतात, वीप होल, ती नकाशाप्रमाणे ठेवली, पाइप टाकले, अंतर मोजून बरोबर. पण भिंतीच्या मागे त्या भोकांपाशी खडीचा थर भरायचा असतो, मोठी खडी मग बारीक मग वाळू, की पाणी गाळून यावं आणि माती मागेच राहावी. खडीचा डंपर खाली अडकला होता, वरून साहेबांचे फोन, आणि मुकादम म्हणाला सर माती भरून टाकतो, भोकं आहेत ना. मी हो म्हटलं. दोन शब्द, "भरून टाक". पुढच्या पावसाळ्यात सगळी भोकं आतून मातीने बुजली, पाणी मागे साठत गेलं, आणि एक दिवस भिंतीला गरोदर बाईसारखं पोट आलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. चार दिवसांनी पडली. कोणी खाली नव्हतं हे नशीब.

हिशोब साधा आहे. तीन मीटर उंच भिंतीमागे नुसतं पाणी भरलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण साडेचार टनांचा रेटा येतो, मातीचा वेगळाच. उंची दुप्पट केली, सहा मीटर, तर रेटा दुप्पट नाही होत, चौपट होतो, अठरा टन. भिंत जाड करून तुम्ही याच्याशी किती दिवस कुस्ती खेळणार? त्यापेक्षा पाण्याला जाऊ द्या ना. म्हणून डोंगरातल्या रस्त्याचा जो खर्च दिसत नाही तोच खरा असतो, डोंगराच्या माथ्याकडे पाणी अडवून बाजूला नेणारी चर, डोंगराकडचं गटार, दर थोड्या अंतरावर रस्त्याखालून जाणारी मोरी, आणि मोरीतून पाणी बाहेर पडतं तिथे खालपर्यंत दगडी पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर, नाहीतर तेच पाणी खालचा उतार खातं. पुनर्बांधणी म्हणून फित कापतात ती डांबराची, पण अर्ध्याहून जास्त अक्कल या मोऱ्यांत गेलेली असते.

तेव्हापासून सवय लागलीय, पावसानंतर घाटातून जाताना मी देखावा बघत नाही, भोकं बघतो. डोंगर भिजून चिंब आणि भिंतीची भोकं कोरडी ठणठणीत, असं दिसलं की ड्रायव्हरला सांगतो, भिया, इथे गाडी थांबवू नको. आमच्या सौ. या सवयीला कंटाळल्यात.

प्रश्न : मुलगा कॅनडात सरेला असतो. तो सांगतो तिकडे पुरात हायवे वाहून गेला तर ३५ दिवसांत सुरू केला. आपल्याकडे का जमत नाही? (मनोरमागंज, इंदूर)

मुलगा बरोबर सांगतोय, कोक्विहाला हायवेबद्दल बोलतोय तो. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्या भागात दोन-तीन दिवस जो पाऊस कोसळला त्यात होप ते मेरिट या साधारण १३० किलोमीटरच्या पट्ट्यात वीसहून जास्त ठिकाणी रस्ता तुटला, ७ पुलांचं नुकसान झालं, व्हँकुव्हर शहर बाकीच्या कॅनडापासून रस्त्याने आणि रेल्वेने तुटलं होतं. आणि २० डिसेंबरला, म्हणजे ३५ दिवसांनी, रस्ता उघडला. तीनशेच्या वर माणसं, दोनशेच्या वर मशिनं, भर थंडीत. कौतुक करावं तेवढं थोडं.

पण काकू, त्याला दोन गोष्टी विचारा. एक, २० डिसेंबरला कोणासाठी उघडला? फक्त ट्रकसारख्या व्यावसायिक गाड्यांसाठी. साध्या कारला जानेवारीच्या १९ तारखेपर्यंत थांबवलं होतं, म्हणजे आधी माल, मग पर्यटक. आपल्याकडे हे करून बघा, व्हिडिओ काढून शिव्या घालतील लोक. आणि दुसरं, पक्के पूल कधी झाले? २०२३ च्या शेवटाला. दोन वर्षं लागली त्यांनाही. जुन्यापेक्षा लांब गाळ्याचे, खोल पायाचे बांधले की पुढच्या वेळी नदीला जास्त जागा मिळेल. ३५ दिवसांची बातमी तुमच्यापर्यंत आली, दोन वर्षांची आली नाही, बातमीचं असंच असतं.

अमेरिकेत पण बघा ना, २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळात नॉर्थ कॅरोलायनातला आय-४० हायवे पिजन नदीच्या दरीत तुटला, तो २०२५ च्या १ मार्चला सुरू केला, पण कसा, दोन्ही दिशांना एकेकच लेन आणि ताशी ३५ मैलांची मर्यादा, आणि कायमचं काम २०२८ पर्यंत चालणार. पैसा आणि मशिनरी दोन्ही असलेल्या देशात हे. तिथे उरलेला काठ पडू नये म्हणून आधी उतारात लांब सळया ड्रिल करून घातल्या, सिमेंटचं पाणी भरलं, आणि वरून जाळी लावून काँक्रीट फवारलं. आपल्याकडेही हे करतात, सॉइल नेलिंग, मातीला खिळे ठोकणं म्हणा.

मग फरक कुठे? एक तर आपला हिमालय तरुण आहे, अजून वर येतोय, खडक चुरडलेला, त्यामुळे उतार मुळातच बेभरवशाचा. हे नुसतं कारण म्हणून पुढे करता येणार नाही मात्र. चार लेनसाठी डोंगर उभा कापायचा, पायऱ्या पाडायच्या नाहीत आणि मलबा नदीत लोटायचा, हे काही हिमालयाने सांगितलेलं नाही. तिथे तुमची तक्रार रास्तच आहे.

प्रश्न : २०१३ च्या आधी आईसोबत केदारनाथ केलं होतं, आता परत जायचंय. वाट बदललीय असं ऐकलं, खरं का? आणि जिथे मोडलं तिथेच परत का बांधत नाहीत? (लष्कर, ग्वाल्हेर)

बदललीय. २०१३ च्या जूनमध्ये १६-१७ तारखेला जो महापूर आला त्यात रामबाडा म्हणजे मधला मोठा मुक्काम, जिथे तुम्ही नक्की चहा प्यायला असाल, तो पूर्ण गेला. गौरीकुंडपासूनची जुनी वाट १४ किलोमीटरची होती. नवीन वाट रामबाड्यापाशी मंदाकिनी ओलांडून समोरच्या काठाने लिंचोलीवरून जाते, दोनेक किलोमीटर जास्त आणि चढ पण जास्त, तेव्हा आईंना या वेळी नेणार असाल तर विचार करा. ती वाट काढण्याच्या कामात उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था पुढे होती, रस्तेवाले नाही, गिर्यारोहक, कारण सुरुवातीला तिथे मशीन पोचायचाच प्रश्न होता.

तिथेच परत का नाही, हा खरं तर सगळ्यात महागडा प्रश्न आहे. तिथेच बांधणं स्वस्त पडतं, जमीन ताब्यात असते, दोन्ही टोकं जुळलेली असतात. पण डोंगर एकदा सुटला की त्याची सवय मोडत नाही. मग काठ बदला, उंचावर जा, पूल टाकून दरडीचा तुकडा ओलांडा, नाहीतर सरळ आत शिरा. मनालीच्या वर ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० पासून सुरू आहे, रोहतांगचा बर्फ वरच राहतो आणि गाडी खालून जाते. बोगदा म्हणजे सगळं सुटलं असं मात्र समजू नका, बोगद्याच्या तोंडाशी दरड येतेच आणि तोंडापर्यंतचा रस्ता शेवटी त्याच डोंगरावर असतो.

प्रश्न : लष्कर दोन दिवसांत पूल बांधतं आणि आमच्या घराजवळच्या ओव्हरब्रिजचं काम मुलगी नववीत असल्यापासून चाललंय, ती आता इंजिनिअर झाली. (नाव-पत्ता नको, इंदूर)

हा प्रश्न नाही, हे दुःख आहे, मान्य.

लष्कराचा तो बेली ब्रिज. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने काढलेली युक्ती, लोखंडी चौकटी १० फूट लांब ५ फूट उंच, एकेक साधारण २६० किलोची, सहा माणसं मिळून उचलतात, क्रेन लागत नाही, पिनांनी एकाला एक जोडत जायची आणि रोलरवरून पूल अख्खाच्या अख्खा पलीकडे ढकलायचा. मेकॅनोचा सेटच. ३० जुलै २०२४ ला वायनाडला दरडी कोसळल्या, तेव्हा चूरलमला इथे मद्रास सॅपर्सनी (लष्कराची इंजिनिअर तुकडी) १९० फुटांचा असा पूल १ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत उभा केला, २४ टनांपर्यंत वजन घेणारा, आणि त्या कामावर मेजर सीता शेळके होत्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या. फोटो आठवत असेल. आमच्या कट्ट्यावर त्या दिवशी दुसरा विषय नव्हता.

पण तो तयार सुट्या भागांचा पूल आहे, कायमचा नाही, एका वेळी मोजक्या गाड्या, हळू. पक्क्या पुलाचं उदाहरण हवं तर महाडची सावित्री घ्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानीचा पूल पुरात गेला, दोन एसटी बस त्यात गेल्या. नवीन पुलाचं काम १६५ दिवसांत झालं, विक्रमच म्हणायचा. उद्घाटन ५ जून २०१७. आता तारखा मोजा, पडल्यापासून दहा महिने. म्हणजे मधले जवळजवळ अर्धे दिवस काम सुरू व्हायच्या आधीचे आहेत, तपास, माती, डिझाइन, ठेका. तुमच्या ओव्हरब्रिजच्या कन्येबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न : सगळा काँक्रीटचाच करून टाकला तर? (अन्नपूर्णा रोड, इंदूर)

नवीन भरावावर नको. भराव काही वर्षं बसत राहतो, काँक्रीटची लादी खालून पोकळ होते आणि वरून कळत पण नाही, मग एक दिवस मोडते. डांबर खचलं तर निदान दिसतं आणि वर थर देता येतो. सतत खचणाऱ्या तुकड्यात तर नुसती खडी किंवा पेव्हर ब्लॉक बरे, उचला, भरा, परत लावा. खडक पक्का असेल आणि पाणी काढलेलं असेल तिथे काँक्रीट जरूर.

प्रश्न : आमचं माहेर खंडवा, दर महिन्याला भेरूघाटातून जाणं होतं. आपल्या इथल्या घाटांना पण असा धोका आहे का? (राजेंद्र नगर, इंदूर)

हिमालयासारखा नाही. आपलं माळवा पठार आणि विंध्याचा काठ म्हणजे काळा बसाल्ट, जुना, बसलेला खडक. इंदूरला वर्षाचा पाऊस साधारण ९०० ते १००० मिलिमीटर. महाबळेश्वरला २०२१ च्या जुलैत २२-२३ तारखेला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पडला होता, आंबेनळी घाटाचे त्यात तुकडे झाले. आपला अर्ध्या वर्षाहून जास्त पाऊस एका दिवसात, कल्पना करा.

पण एकदम निश्चिंत पण राहू नका. बसाल्टच्या थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पातळ पट्टा असतो, घाट कापलेला असेल तिथे गाडीतून नीट बघितलं तर दिसतो, विटकरी रंगाची रेघ. तो भिजला की निसरडा होतो आणि वरचे दगड सुटतात. आणि घाट संपून सपाटीला आलात की काळी माती, ती पावसात फुगते उन्हाळ्यात फाटते, तिथे रस्ता वाहून जात नाही, लाटांसारखा होतो. भेरूघाटात आता बोगदे काढून रस्ता रुंद करायचं काम झालंय-चाललंय, त्यात नवीन कापलेले उतार दोन-तीन पावसाळे तरी जपून बघा. बाकी आपल्याकडे घाटात जास्त माणसं दरडीने नाही, ब्रेक फेल झालेल्या ट्रकमुळे जातात, धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट आठवा. तेव्हा माहेरी जाताना वर डोंगराकडे एक नजर आणि आरशात मागच्या ट्रकवर दुसरी.

प्रश्न : रस्त्याचं काम चालू असतं तिथे एक माणूस नुसता उभा असतो, काही करत नाही. हे पैसे कशाचे देतात? (जुनी इंदूर)

हातात शिट्टी किंवा झेंडा असेल आणि तो वर बघत असेल तर साइटवर सगळ्यात महत्त्वाचा माणूस तोच आहे. खाली पोकलेनच्या आवाजात ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही, मान वर करायला त्याला वेळ नाही, आणि दरड यायच्या आधी नेहमी थोडी माती सांडते, दोन-चार खडे घरंगळतात, एखादं झुडूप हलतं. ते बघायचं आणि शिट्टी मारायची, एवढंच त्याचं काम, दिवसभर.

उत्तराखंडात एकदा असंच तासभर अडकलो होतो. पुढे दरडीवर दोन मशिनं चालू, रस्त्याच्या कडेला एक पोरगा, पंचवीसचा असेल, मफलर, गळ्यात शिट्टी. मी आपला जुन्या सवयीने गप्पा मारायला गेलो, गाव कुठलं, पगार किती, किती वर्षं झाली. तो सगळं सांगत होता, नीट, अदबीने, पण एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. आधी मला जरा रागच आला. मग टपरीवरून दोन चहा आणले आणि एक त्याच्या हातात दिला. "थँक्यू बाबूजी" म्हणाला, आणि वर बघतच प्यायला.